मॅलीच्या मुलखात कॅमेरा घेऊन: नव्यानं येणाऱ्यांसाठी

पुण्या-नाशिकहून मेलबर्नला शिकायला किंवा नोकरीला आलेली मंडळी वर्षभरात एक चांगला कॅमेरा घेतात आणि मग फोन येतो, "लाँग वीकएंडला आउटबॅक करायचाय, कुठली लेन्स आणू?" लेन्सचं नंतर बघू. इथल्या ग्रामीण भागात फोटोची सगळी मेहनत शटर दाबायच्या आधीच होते. रस्ता उघडा आहे का, जमीन कुणाची आहे, अंधारात गाडी चालवायला विम्याची परवानगी आहे का, पाणी किती घेतलंय, हे जमलं की फोटो निघतो.

मी मिल्डुराजवळच्या एका छोट्या गावात राहतो. लग्नं, शाळेचे वर्ग, शनिवारचे फुटबॉल आणि नेटबॉलचे सामने यांच्या फोटोंवर घर चालतं. उरलेल्या वेळात पक्षी, मिठाचे तलाव आणि रात्रीचं आकाश. त्यामुळे पुढचं सगळं व्हिक्टोरियाच्या वायव्य कोपऱ्याबद्दल, म्हणजे मॅलीबद्दल आहे. मॅली हे इथल्या बुटक्या निलगिरीचं नाव. जमिनीतल्या एकाच गड्ड्यातून त्याला अनेक खोडं फुटतात. वणव्यात वरचं सगळं जळालं तरी गड्डा जगतो आणि पुन्हा धुमारे येतात.

१. एकच मुलूख धरा

उलुरू, ग्रेट ओशन रोड आणि केर्न्स एकाच सुट्टीत उरकायचं असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. मेलबर्नहून उलुरू रस्त्यानं दोन हजार किलोमीटरच्या पुढे आहे. याउलट सी लेक हे गाव चार तासांवर आणि त्याच्या शेजारी लेक टिरेल, व्हिक्टोरियातला सगळ्यात मोठा खारा तलाव. तिथून उत्तरेला गेलं की हट्टा-कुलकाइनचे गोड्या पाण्याचे तलाव आणि रेड गमची, म्हणजे नदीकाठच्या मोठ्या निलगिरीची, जुनी झाडं, पश्चिमेला मरे-सनसेट उद्यानातले गुलाबी तलाव आणि मरे नदी ओलांडली की न्यू साउथ वेल्समधलं मंगो राष्ट्रीय उद्यान. एवढ्यात काही वर्षं आरामात जातात. त्याच जागी वेगवेगळ्या ऋतूंत परत गेल्याशिवाय पाणी कधी असतं, वारा कधी पडतो, पोपट कुठल्या झाडावर बसतात, हे कळत नाही.

२. कॅलेंडर उलटं लावा

जून ते ऑगस्ट हिवाळा. टिरेलमध्ये पाऊस पडून गेल्यावर काही सेंटीमीटर पाणी साचतं आणि वारा नसेल तर आकाशाचं प्रतिबिंब मिळतं, ते याच दिवसांत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कनोलाची, म्हणजे मोहरीच्या जातीच्या तेलबियांच्या पिकाची, शेतं पिवळी होतात. सप्टेंबर-ऑक्टोबर रानफुलं आणि पक्ष्यांची घरटी. नोव्हेंबर-डिसेंबर गव्हाची कापणी. हवेत धूळ असते आणि सूर्यास्त लालभडक होतात. जानेवारी-फेब्रुवारीत पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा घरी बसून जुने फोटो निवडावेत, हे माझं स्पष्ट मत.

टिरेलबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बहुतेकजण तिथेच पहिल्यांदा जातात. उजाडायच्या आधी पोचा. सूर्य वर आला की सहसा वारा सुटतो आणि आरसा मोडतो. पाय टाकला की मिठाचा थर पापडासारखा मोडतो आणि खालून काळा, चिकट गाळ वर येतो. एका माणसाच्या पावलांनी सगळं पुढचं दृश्य खराब होतं, म्हणून आधी काठावरून चौकट ठरवा, मग बाजूनं आत जा आणि आलात त्याच पावलांवरून परत फिरा. गमबूट हवेत. ट्रायपॉडचे पाय त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा, खालचा भाग उघडून. मीठ आत राहिलं तर सांधे धरतात आणि मग ते कुणाच्या हातानं सुटत नाहीत.

गुलाबी तलावांचं एक: रंग मिठातल्या शेवाळामुळे येतो आणि भर दुपारच्या उन्हात तो पांढुरका दिसतो. ढगाळ दिवस असेल तर हळहळू नका, गाडी काढा.

३. कागदपत्रं

भारतातून निघताना आणि इथे आल्यावर लागतं ते असं:

- महागडा कॅमेरा भारतातून आणत असाल तर निघताना विमानतळावरच्या कस्टममधून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. त्यावर बॉडी आणि लेन्सचे सीरियल नंबर हवेत. परत जाताना ड्यूटीचा वाद होत नाही.
- बॅटऱ्या हाताच्या बॅगेत, टोकांना टेप लावून. चेक-इनच्या बॅगेत सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत.
- इथे उतरताना मिळणाऱ्या कार्डावर माती लागलेले बूट आणि ट्रायपॉड जाहीर करा. सह्याद्रीतला चिखल धुऊनच निघा. आईनं दिलेलं लोणचं, बिया, मसालेसुद्धा जाहीर करायचे. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याचा दंड होतो.
- वाहन परवाना. परवाना इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परमिट. किती महिने चालतो हे राज्यानुसार आणि व्हिसानुसार बदलतं, ते त्या राज्याच्या वाहतूक खात्याच्या साइटवर बघा. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.
- व्हिसाच्या अटी. पर्यटक व्हिसावर फोटो विकून पैसे कमावता येत नाहीत. विद्यार्थी व्हिसावर शिकवणीच्या काळात पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि स्वतःचा धंदा म्हणून केलेलं कामही त्यात धरलं जातं.
- राष्ट्रीय उद्यानांचं बुकिंग. व्हिक्टोरियात आत जायला पैसे नाहीत, पण तंबूची जागा ऑनलाइन घ्यावी लागते. मंगोला गाडीचं दिवसाचं शुल्क आहे.

४. सामान

यावर फार लिहीत नाही. पक्ष्यांसाठी ४०० मिमी किंवा जास्त, आकाशासाठी १४ ते २४ मिमीची उजेड जास्त घेणारी लेन्स, मजबूत ट्रायपॉड. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्लोअर आणि दोन-तीन मोठ्या झिपच्या पिशव्या. इथली तांबडी धूळ पिठाहून बारीक असते. कच्च्या रस्त्यावर गाडीच्या काचा बंद असल्या तरी ती आत येते. उघड्यावर लेन्स बदलूच नका. आणि माशांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी घ्या. दुकानात ती हास्यास्पद वाटते; वसंत ऋतूत व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की कोपऱ्यात चार माशा पाणी प्यायला बसतात, तेव्हा हसू येत नाही.

५. गाडी आणि रस्ता

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

भाड्याची गाडी घेताना करारातली बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच कंपन्यांचा विमा कच्च्या रस्त्यावर लागू होत नाही आणि काहींचा शहराबाहेर सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापर्यंतही नाही. नेमकी तीच आपली वेळ. त्यावरचा सरळ उपाय म्हणजे रात्री जागेवरच मुक्काम. टिरेलसाठी सी लेकमध्ये राहा, मंगोसाठी उद्यानातल्या कॅम्पवर. पहाटे शंभर किलोमीटर गाडी हाकायचीच नाही.

पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. एक उडी मारून गेला की सुटलो असं समजू नका, मागे दुसरा असतोच. आडवा आला तर सरळ रेषेत ब्रेक दाबा. स्टिअरिंग वळवून वाचवायला गेलात तर गाडी उलटते, आणि माणसं जातात ती अशीच. रस्त्यावर मेलेल्या कांगारूवर वेज-टेल्ड ईगल बसलेला दिसला तर लांबूनच वेग कमी करा. त्याचे पंख दोन मीटरहून जास्त पसरतात, पोट भरलेलं असतं आणि त्याला उडायला वेळ लागतो.

पाऊस पडला की कच्चे रस्ते बंद होतात. मंगोकडे जाणारे रस्ते यात आलेच. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो आणि वर चाकोऱ्या पडून तो रस्ता सगळ्यांसाठी बिघडतो. फोनवरचा नकाशा यातलं काही सांगत नाही, तो बिनधास्त "जवळचा" मातीचा रस्ता दाखवतो. निघण्याच्या दिवशी सकाळी स्थानिक काउन्सिलची किंवा उद्यानाची रस्त्यांची सूचना बघा. मंगोत पेट्रोल मिळत नाही. मिल्डुराहून साधारण ११० किलोमीटर आहे, म्हणजे जायचं, यायचं आणि आत फिरायचं सगळं एका टाकीत.

फोनचं नेटवर्क: इथे टेल्स्ट्राचं सगळ्यात लांब पोचतं. पण टेल्स्ट्राचंच नेटवर्क वापरणाऱ्या बहुतेक स्वस्त कंपन्यांना ते पूर्ण मिळत नाही, त्यामुळे "सिम तेच आहे" या भरवशावर राहू नका. आणीबाणीचा नंबर ०००. दुसऱ्या कंपनीचा टॉवर असला तरी तो लागतो, पण कुठलाच टॉवर नसेल तर काहीच लागत नाही. म्हणून एकट्यानं फिरत असाल तर पीएलबी, म्हणजे ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकट कळवणारी छोटी बत्ती घ्या. तिची नोंदणी सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे फुकट होते. जिवावर बेतल्याशिवाय ती वापरायची नाही. चाक फसलं हे कारण पुरेसं नाही.

गाडीत कायम ठेवायचं: माणशी दिवसाला दहा लिटर पाणी, हवा भरलेली स्टेपनी (भाड्याच्या गाडीत ती उघडून बघा), छोटा कॉम्प्रेसर, फावडं, प्रथमोपचाराची पेटी, कागदी नकाशा. रेडिओ असेल तर यूएचएफ चॅनेल ४० वर ट्रकवाले बोलतात. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला आणि पुढे वाळवंटाकडे रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक, भेटतात, सगळ्यात लांब ५३.५ मीटरच्या. ओव्हरटेक करायला समोर भरपूर मोकळा रस्ता दिसत नसेल तर मागे राहा, धूळ खा. आणि गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबा. शोधणाऱ्यांना लांबून दिसते ती गाडी. चालत निघालेला माणूस दिसत नाही.

उन्हाळ्यात उंच वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका. सायलेन्सरच्या उष्णतेनं गवत पेटतं. टोटल फायर बॅनच्या दिवशी उघड्यावर शेकोटी पूर्ण बंद असते आणि 'कॅटॅस्ट्रॉफिक' इशारा असेल त्या दिवशी जंगलात पायच ठेवायचा नाही. व्हिकइमर्जन्सी हे वणव्याचे इशारे देणारं अॅप फोनवर असू द्या.

दोन चकवे अजून. दक्षिण ऑस्ट्रेलियात फळमाशीमुळे फळं नेता येत नाहीत. मिल्डुराकडून रेनमार्कला जाताना यांबा आणि ब्रोकन हिलकडून जाताना ऊडला विरा इथे नाका आहे. डब्यातलं सफरचंद आधीच खाऊन टाका. दुसरं, ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्समध्ये असूनही तिथलं घड्याळ दक्षिण ऑस्ट्रेलियाचं, म्हणजे अर्धा तास मागे. फोन टॉवर बदलताना वेळही बदलतो आणि पहाटेचा गजर चुकतो.

६. फाटक आणि परवानगी

रस्त्याकडेच्या तारेपलीकडची जमीन मोकळी दिसली तरी ती कुणाची तरी आहे. आपल्याकडे बांधावरून चालत गेलं तर कुणी फार बोलत नाही, इथे तो सरळ अतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो. विशेषतः कनोलाच्या शेतात शिरून फोटो काढणं बंद करा. पीक तुडवलं जातं हे एक, पण शेतकऱ्याला जास्त भीती असते बुटांबरोबर येणाऱ्या तणाच्या बियांची आणि रोगांची. फाटकावर 'कम क्लीन, गो क्लीन' लिहिलेलं असतं ते त्यासाठी. तारेबाहेर रस्त्यावर उभं राहून ७०-२०० लेन्सनं कनोला छान येतो.

आत जायचं असेल तर दारावर जाऊन विचारा. दुपारी जेवणाच्या वेळेला जावं, संध्याकाळी उशिरा नको. कुत्रा भुंकायला लागला की गाडीतच थांबा, माणूस बाहेर येतो. नाव सांगा, कुठे राहता, कशाचा फोटो हवाय, किती वेळ लागेल ते सांगा. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं: उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. उघडं फाटक बघून "विसरले असतील" म्हणून लावलंत तर मेंढरं पाण्यापासून तुटतात. कापणीच्या वेळी हेडरच्या, म्हणजे कापणी यंत्राच्या, जवळ जायचं तर चालकाशी आधी बोलणं झालेलं असावं; त्या उंचीवरून आणि धुळीतून त्याला तुम्ही दिसत नाही. नंतर त्या घराला एक प्रिंट नेऊन द्या. ईमेलवर फाइल पाठवणं वेगळं आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लागणारा प्रिंट वेगळा. पुढच्या वर्षी विचारायची गरज पडत नाही, उलट "नाल्याजवळ एमूची पिलं आहेत, येतोस का" असा फोन येतो. खेड्याच्या रस्त्यावर समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तुम्हीही उचला.

मंगोला नियम अधिक कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. तिथल्या वाळूच्या कड्यांमध्ये १९६८ मध्ये मंगो लेडीचे आणि १९७४ मध्ये मंगो मॅनचे अवशेष सापडले, सुमारे ४२ हजार वर्षांपूर्वीचे. मंगो मॅनचे अवशेष २०१७ मध्ये कॅनबेराहून परत आणले गेले. ही जागा बारकिंजी, मुथी मुथी आणि न्गियांपा लोकांच्या पूर्वजांची आहे. 'वॉल्स ऑफ चायना' म्हणतात त्या कड्यांवर लाकडी फलाटाच्या पुढे एकट्यानं जाता येत नाही, मार्गदर्शकाबरोबरच जायचं. सूर्यास्ताची फेरी घ्या. प्रकाशही त्याच वेळी चांगला असतो.

ड्रोनबद्दल एवढंच: व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय उडवायचा नाही. इतरत्र १२० मीटरच्या खाली, डोळ्यांना दिसेल इतपत, माणसांपासून ३० मीटर लांब आणि रात्री नाही. त्याचे फोटो विकणार असाल तर नागरी विमान सुरक्षा प्राधिकरणाकडे, म्हणजे कासाकडे, नोंदणी लागते.

७. ऊन आणि आकाश

दुपारी सूर्य उत्तरेला असतो आणि उजवीकडून डावीकडे सरकतो. वाचताना सोपं वाटतं, पण भारतात सवय झालेला डोळा सावली सारखी उलट्या बाजूला धरतो. डोंगराची दक्षिण बाजू हिवाळ्यात दिवसभर सावलीत राहते. पहिले काही महिने सूर्याची दिशा दाखवणारं अॅप वापरा.

रात्रीचं आकाश हीच इथे येण्याची खरी मजा. महाराष्ट्रातून उन्हाळ्यात दक्षिण क्षितिजावर कसाबसा दिसणारा त्रिशंकू सी लेकला कधी मावळतच नाही. वृश्चिक जुलैच्या रात्री थेट डोक्यावर येतो. ज्येष्ठा, मूळ आणि त्यांच्या मागे आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग, मान मागे टाकून बघावा लागतो. मृग उन्हाळ्यात उलटा दिसतो आणि चंद्रावरचा ससाही डोक्यावर उभा. याच तलावाकाठच्या बूरोंग लोकांची ताऱ्यांची नावं १८५७ मध्ये नोंदवली गेली आहेत. अभिजित ताऱ्याला ते मॅलीफाउल पक्ष्याच्या रूपात बघत.

व्यवहाराचं: ध्रुव तारा इथे दिसत नाही. ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र, लावायचा तर सिग्मा ऑक्टांटिस हा मंद तारा शोधावा लागतो. घरच्या अंगणात सराव करून मगच बाहेर पडा. अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा. सुरुवातीला १४-२० मिमी, एफ २.८, २० सेकंद, आयएसओ ३२००, आणि फोकस एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर मोठं करून हातानं. दक्षिण क्षितिजावरही लक्ष असू द्या. ११ मे २०२४ च्या रात्री ऑरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, व्हिक्टोरियाभर दिसला होता.

८. पक्षी, प्राणी, साप

मॅलीफाउलचा नर माती आणि पालापाचोळ्याचा मोठा ढीग रचतो, मादी त्यात अंडी घालते. नर चोच आत खुपसून उष्णता बघतो आणि माती सरकवून ती ३३ अंशांच्या आसपास राखतो. ढीग सापडला तर लांब बसा, लोकेशन कुठेही टाकू नका, माती उकरायला जाऊ नका. तुमच्या भीतीनं तो तासभर आला नाही तरी अंड्यांचं नुकसान. गुलाबी काकाकुवा, रीजेंट पॅरट, गाला हे सगळे पाणवठ्यावर येतात. गाडीतून उतरू नका, खिडकीवर बीनबॅग ठेवून काढा.

वसंतात गवतात बसण्याआधी बघा. ईस्टर्न ब्राउन जातीचा साप इथे सर्रास आढळतो. चावला तर जखम धुऊ नका, कापू नका, चोखू नका. रुंद प्रेशर बँडेज चावलेल्या सबंध हाताला किंवा पायाला घट्ट गुंडाळा, फळी बांधा, हालचाल बंद, आणि ०००. अशी दोन बँडेजं कॅमेऱ्याच्या बॅगेत असावीत, गाडीत राहिलेली कामाला येत नाहीत.

९. यावर पोट भरायचं असेल तर

निसर्गाच्या फोटोंवर घर चालत नाही, हे आधीच सांगतो. गावाला हवे असतात ते सामने, लग्नं, शाळा, विक्रीला काढलेली शेतं आणि बैल. व्हिसाची परवानगी असेल तर एबीएन, म्हणजे धंद्याचा नोंदणी नंबर, फुकट मिळतो. वर्षाची उलाढाल ७५ हजार डॉलरला पोचेपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. मुलांचे फोटो काढायचे तर व्हिक्टोरियात वर्किंग विथ चिल्ड्रन चेक हवा. बाजारात टेबल मांडायलाही पब्लिक लायबिलिटी विमा मागतात. राष्ट्रीय उद्यानात धंद्यासाठी फोटो काढायचे तर वेगळी परवानगी.

एक सापळा बहुतेकांना माहीत नसतो. मॅली-विमेरात धान्याच्या उंच सायलोंवर चित्रं काढलेली आहेत, ब्रिम गावचं २०१६ चं काम इथलं पहिलं. त्यांचे फोटो हौसेनं काढा, पण कॅलेंडर किंवा पोस्टकार्ड करून विकायचं असेल तर चित्रकाराची परवानगी लागते. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात सार्वजनिक जागेतल्या शिल्पाला जी सूट आहे ती भिंतीवरच्या चित्राला नाही.

ओळख व्हायला सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे गावचा वार्षिक शो. मेंढ्या, केक आणि जॅमच्या बाजूला फोटोंचा विभाग असतो. प्रवेशिका शोच्या काही आठवडे आधीच बंद होतात, माहितीपत्रक गावच्या न्यूजएजंटकडे किंवा शोच्या वेबसाइटवर मिळतं. प्रिंटचं आणि माउंटबोर्डचं माप नियमात दिलेलं असतं ते टेपनं मोजा. माप चुकलं तर चित्र कितीही चांगलं असलं तरी परीक्षक ते बाजूला ठेवतात.